तिचा जयभीम

माझ्या लेकीला एकच गोष्ट येते. दोन्ही हात छातीशी आणायचे, जोडायचे आणि तोंडातून आवाज काढायचा. आवाज म्हणजे ‘ईम’ एवढाच, आधीचा ‘जय’ गळ्यातच राहतो. नवख्या माणसाला वाटेल, लेकराला कुठं दुखून राह्यलं की काय. पण आमच्या गल्लीत सगळ्यांना माहीत आहे की हा जयभीम आहे आणि पूर्ण आहे.

हात जोडणं ही काय मोठी गोष्ट, असं कुणाला वाटत असेल तर त्यानं एकदा तिच्यासमोर येऊन बसावं. तिचा डावा हात मुठीत वळलेला असतो, कोपरातून आत मुडपलेला. तो हात उजव्यापर्यंत आणताना तिच्या कपाळाला घाम फुटतो, मान एका अंगाला जाते, लाळ गळते. हात जुळले की मग जी हसते, बाप्पा, त्या हसण्यासाठी आमचं अख्खं घर ताटकळत बसलेलं असतं. जन्मली तेव्हा ती रडली नव्हती. मेंदूला हवा कमी पडली, असं नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. चालणार नाही, बोलणार नाही, कुणीतरी कायम उचलून घ्यावं लागेल, हेही त्यांनीच सांगितलं.

तेव्हा मी भिंतीला डोकं लावून रडत होते आणि माझे सासरे, मामाजी, ओसरीवर बसून म्हणाले, “नाही चालत ना? नको चालू दे. जयभीम तर घालंन?”

मामाजी जन्मभर सालदार होते, म्हणजे वर्षाच्या बोलीवर दुसऱ्याच्या शेतात राबणारे. आपल्या बापाला त्यांनी मालकाच्या अंगणात कमरेत वाकलेलं पाहिलं होतं. ते त्यांच्या डोळ्यांतून कधी गेलं नाही. म्हणून त्यांच्या लेखी माणसाला दोन गोष्टी आल्या की झालं: अंगावर धुतलेला कपडा आणि मान वर करून जयभीम. शाळा, नोकरी, पक्कं घर हे सगळं त्यांच्यासाठी त्यानंतर यायचं.

त्यांनी तिला शिकवायला घेतलं. रोज सकाळी चहा झाला की तिच्यासमोर मांडी घालून बसायचे, स्वतः हात जोडायचे आणि म्हणायचे, “जयभीम, मायबाई!” ती नुसती पाहायची. मग ते तिचे हात आपल्या हातात घेऊन जोडायचे, जिभेवर गुळाचा खडा ठेवायचे आणि ओरडायचे, “शाब्बास!” मीही ओरडायची, तिचा बाप ऑटो पुसता पुसता बाहेरून ओरडायचा. ‘शाब्बास’ हा शब्द तिला इतका आवडायला लागला की गूळ मागे पडला. कितीतरी महिने गेले. लोक हसले. मीसुद्धा एकदा म्हटलं, “मामाजी, काऊन तिच्या जिवाला ताप देऊन राह्यले?” ते म्हणाले, “ताप नाही वं, पोरी. इज्जत देऊन राह्यलो.”

आणि मग एका सकाळी तिनं आपल्या आपण हात जोडले. त्या दिवशी मामाजी न जेवताच गल्लीभर हिंडले, दारोदारी सांगत. तेव्हापासून आमच्या घरात जो येईल तो आधी तिला जयभीम घालतो, मग बसतो. गॅसवाला मुसलमान आहे, तोही घालतो.

आमचं गाव तेलंगणात, नेरडीगोंड्याच्या अलीकडं, हायवेपासून थोडं आत. आमच्या घरात मराठी, दुकानात हिंदी, ऑफिसात तेलुगू. मी बारावीपर्यंत मराठी शाळेत शिकले, त्यामुळं ऑफिसात गेले की माझं तोंड अर्धं बंदच होतं. एरवी माझ्या तोंडाला कुणी लागत नाही. ब्लाउज शिवते, गल्लीतल्या पोरांची शिकवणी घेते. लेकीच्या बापाचा ऑटो नेरडीगोंडा ते इचोडा चालतो.

आदिलाबादला व्यायाम करून घेणारी एक फिजिओ बाई आहे. लेक सहा वर्षांची होत आली तेव्हा मी तिला तिथं न्यायला लागले. त्या बाईनं तिचे पाय हातात घेऊन पाहिले. लेकीचे पाय मांडीपासून एकमेकांवर चढतात, कैचीसारखे. बाई मला हिंदीत म्हणाली की अजून शिरा नरम आहेत, आठवड्यातून दोनदा आणलं तर पाय मोकळे राहतील, कंबरेला आधार देऊन खुर्चीत बसेल, शाळेतसुद्धा जाऊ शकेल. नाही आणलं तर पाय असेच आवळून बसतील, मग कुणी काही करू शकणार नाही. “अभी टाइम है,” ती म्हणाली. हे दोन शब्द माझ्या डोक्यात खिळ्यासारखे बसले.

पण आठवड्यातून दोनदा आदिलाबाद म्हणजे बसभाडं, तिची फी आणि माझ्या शिलाईचा अख्खा दिवस. पहिले दोन-चार महिने ओढाताण करून नेलं, मग खाडे व्हायला लागले. तेव्हा त्या बाईनंच सांगितलं, सरकारची पिन्शन असते अशा लेकरांना. दर महिन्याला येते. तेवढ्यात हे भागेल. त्यासाठी सरकारी कॅम्पात डॉक्टर तपासतात, अपंगत्वाचे टक्के देतात, चाळीस टक्क्यांच्या वर असलं की पिन्शन बसते. मी लेकीकडं पाहिलं आणि मनात म्हटलं, हिला चाळीस नाही मिळणार तर कुणाला मिळणार?

लेकीचा बाप म्हणाला, “सरकारी काम अन् सहा महिने थांब.” तो नेहमीच असं बोलतो, आणि वाईट म्हणजे नेहमीच त्याचं खरं होते.

कॅम्पासाठी आधी ऑनलाइन नंबर लावावा लागतो. तो नंबर सकाळी उघडतो आणि चहा गाळून होईस्तोवर संपतो. नेटच्या दुकानासमोर मी पहाटेपासून पायरीवर बसायची, लेक मांडीवर. दुकानदार बिचारा भला माणूस, शटर वर करायच्या आधी मशीन चालू करायचा. तरी किती वेळा हात हलवत परत आले. शेवटी एकदा लागला नंबर, आणि मी दुकानातच त्याला जयभीम घालायला लेकीला लावलं. त्यानंही हात जोडले.

आता खरी गोष्ट इथून पुढं आहे.

कॅम्पाच्या दिवशी मी लेकीला गरम पाण्यानं न्हाऊ घातलं. जयंतीला शिवलेला पांढरा फ्रॉक घातला, झालरीचा. केसांना तेल लावून दोन वेण्या घातल्या, निळ्या रिबिनी बांधल्या, तोंडाला पावडर लावली. मामाजींनी धुतलेलं धोतर आणि इस्त्रीचा पांढरा सदरा घातला. ऑफिसात जायचं, दवाखान्यात जायचं म्हणजे नीट जायचं, हे आमच्या रक्तात आहे. आमच्या आज्या फाटक्या लुगड्यात कचेरीबाहेर उभ्या राहायच्या आणि शिपाई त्यांना कुत्र्यासारखं हाकलायचे, हे आम्ही ऐकत मोठे झालो. आमच्याकडं मयतीला जातानासुद्धा माणूस कपडा बदलून जातो.

आदिलाबादच्या मोठ्या दवाखान्यात व्हरांडाभर माणसं होती. काठीवाली, चाकाच्या खुर्चीवाली, पाठीवर आणलेली. माझ्या शेजारी एक तेलुगू बाई बसली होती, मांडीवर मोठा मुलगा. त्याचे केस विंचरलेले नव्हते, बनियनवर कालच्या वरणाचे डाग. तिनं माझ्या लेकीच्या रिबिनींकडं पाहिलं, मग माझ्याकडं, आणि हळूच हिंदीत विचारलं, “पहली बार?” मी हो म्हटलं. ती म्हणाली, “इतना अच्छा करके नहीं लाना, अम्मा.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी मराठीत म्हटलं, “आमी काय इथं भीक मागाले आलो का?” आदिलाबादची बाई ती, तिला मराठी कळलंच असणार. ती आपल्या मुलाचं तोंड पदरानं पुसत राहिली.

आमचा नंबर पुकारला. आत एक वयस्कर डॉक्टर होते, थकलेले, पण चेहरा भला. टेबलावर कागदांचा ढीग आणि दाराबाहेर ही गर्दी. त्यांनी मान वर केली, लेकीकडं पाहून हसले आणि म्हणाले, “नमस्ते, पापा.” पापा म्हणजे तेलुगूत लहान पोरगी.

कुणी प्रेमानं बोललं की आमच्या लेकीला एकच कळते. तिनं जोर लावला. डावा हात निघाला. हात जुळले, आणि इतका साफ आवाज मी तिचा कधी ऐकला नव्हता. “ईम!”

“शाब्बास!” दारात उभे असलेले मामाजी मोठ्यांदा ओरडले. शिपाईसुद्धा हसला. डॉक्टर खुर्चीत मागं टेकले. “अरे वा! सब समझती है. बहुत अच्छा सिखाया है.”

खरं सांगते, मला रडू आलं. तिच्या जन्मापासून किती डॉक्टर पाहिले, प्रत्येकानं ‘हे होणार नाही, ते होणार नाही’ एवढंच सांगितलं. चांगलं म्हणणारा हा पहिला होता. मग माझं तोंड सुटलं. आज्याला ओळखते, भूक लागली की वेगळी रडते, गाणं लागलं की मान हलवते, बापाच्या ऑटोचा आवाज आला की दाराकडं पाहते, सगळं सगळं सांगितलं. शाळेत पहिली आलेल्या लेकीचं सांगावं तसं. डॉक्टर हो हो म्हणत लिहीत होते. पायांना त्यांनी हात लावला तो फ्रॉकवरूनच.

बसस्टँडवर मामाजींनी पेढे घेतले. घरी येऊन गल्लीत वाटले. “डाक्टरनं खुर्चीतून उठून जयभीम घेतला,” असं ते सांगत होते. डॉक्टर उठले नव्हते, पण मी कशाला बोलू?

काही दिवसांनी मोबाइलवर मेसेज आला. मी नेटच्या दुकानात गेले. दुकानदारानं सर्टिफिकेट उघडलं, वाचलं, आणि मशीनचं तोंड माझ्याकडं फिरवलं. “अम्मा, कम है.” चाळीसला कमी होते. थोडेच कमी, पण कमी. मी म्हटलं, दुसऱ्या कुणाचं उघडलं असेल. त्यानं फोटो दाखवला. पांढरा फ्रॉक, निळ्या रिबिनी.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

दुसऱ्या दिवशी मी लेकीला कडेवर घेऊन दवाखान्यात गेले. खिडकीवरच्या क्लार्कनं कागद पाहिला आणि तुटक्या हिंदीत समजावलं, “टक्के कमी म्हणजे आजार कमी. खुशीची गोष्ट आहे, अम्मा.” मी म्हटलं, “इतकी खुशीची असन तर घेऊन जा आठ दिवस तुमच्या घरी. संडास धुवा, भरवा, रात्री कूस बदला, मंग सांगा टक्के.” तो तेलुगू माणूस, त्याला किती कळलं देव जाणे. मागच्या रांगेतले लोक मात्र हसले, आणि ते हसले म्हणून मला अजून चीड आली. क्लार्क म्हणाला, पुन्हा तपासणी होते, पण लगेच नाही, मध्ये काही महिने जावे लागतात, मग पुन्हा ऑनलाइन नंबर. आणि डॉक्टरांना भेटायचं तर “रेपु, अम्मा, रेपु.” रेपु म्हणजे उद्या. मी उद्याही गेले. परवाही गेले. डॉक्टरांची बदली झाली होती, का रजा होती, प्रत्येकानं वेगळं सांगितलं. एका बाकावर बसून मी तिला पाणी पाजलं आणि परत आले. दुसरं काय करणार होते?

घरी मामाजी ओसरीवर वाट पाहत होते. माझ्या तोंडावरूनच त्यांना कळलं. हळूच म्हणाले, “माह्या जयभीमनं घात केला का, पोरी?” मी थकलेली, उन्हातून आलेली, लेक कडेवर ओली झालेली. मी म्हटलं, “मंग कोनं केला?” आणि आत गेले.

पुढचे महिने कसे गेले ते सांगत बसत नाही. आदिलाबादला जाणं आधी आठवड्याला एकदा झालं, मग महिन्याला, मग बंदच पडलं. घरी मी व्यायाम करून घ्यायची, फिजिओ बाईनं दाखवला तसा. पण तिच्या हाताला जे कळायचं ते माझ्या हाताला कळेना. जोर दिला की लेक किंचाळायची, सोडलं की पाय पुन्हा एकावर एक. पहिले मी एकटी तिची चड्डी बदलायची. आता दोघं लागायला लागलो, एकानं पाय बाजूला धरायचे. ती वाढत होती, जड होत होती. रोज तिला उचलताना माझ्या डोक्यात तेच दोन शब्द यायचे. अभी टाइम है.

आणि सकाळी मामाजी चहा पिऊन तिच्यापुढं बसायचेच. ती हात जोडायची. ते शाब्बास म्हणायचे, पण आता जरा हळू, मी आत आहे ना म्हणून.

पुन्हा नंबर लागला तेव्हा मी ठरवलं होतं. त्या तेलुगू बाईचं वाक्य मला रोज आठवायचं. ज्याचं जळते त्यालाच कळते, आणि तिचं आधी जळलं होतं. आदल्या संध्याकाळी मी लेकीला समोर घेऊन बसले आणि म्हटलं, “हे पाह्य माये, उद्या डाक्टरपुढं हात नाही जोडायचे. काय? हात नाही.” तिनं माझ्याकडं टक लावून पाहिलं. मी तिच्याशी प्रेमानं बोलत होते. तिनं जोर लावला, आणि हात जोडले.

मी हसले आणि मग तोंडात पदर कोंबून रडले.

सकाळी तिला न्हाऊ घातलं नाही. केस तसेच ठेवले. गेल्या वर्षीचा, काखेत उसवलेला फ्रॉक घातला. माझा स्वतःचा धंदा शिलाईचा, आणि मी ती उसवण दोन बोटांनी अजून थोडी फाडली. शेजारची म्हातारी दारातून म्हणाली, “काऊन वं, अशी कशी घेऊन चालली लेकराले?” मामाजी सदरा घालून तयार होते. म्हणाले, “येऊ का म्या?” मी त्यांच्याकडं न पाहता म्हटलं, “नका येऊ, मामाजी.” ते सदऱ्याच्या गुंड्या काढत आत गेले. त्यांनी फ्रॉक पाहिला होता.

त्याच व्हरांड्यात बसलो. शेजारी एक जोडपं नवा शर्ट घातलेलं लेकरू घेऊन बसलं होतं, केस पाण्यानं चापून बसवलेले. मी त्यांना काही बोलले नाही. ऐकलं नसतं त्यांनी. मी तरी कुठं ऐकलं होतं?

आत या वेळी एक तरुण डॉक्टरीण होती. मी लेकीला मांडीवर घेतलं, पदर पुढं ओढला आणि पदराखाली तिचे दोन्ही हात माझ्या एका मुठीत धरले. डॉक्टरीण कागदावरून वर पाहून हसली. इतकं गोड हसली की मी मूठ अजून आवळली.

लेकीनं जोर लावला.

माझ्या मुठीत तिचे हात वर यायला धडपडायला लागले. तो डावा हात, जो उचलायला तिला कितीतरी महिने लागले होते, तो मी खाली दाबून धरला. तिच्या कपाळावर घाम आला. मान वळवून तिनं माझ्याकडं पाहिलं, आई असं काऊन करून राह्यली म्हणून. “ई…” असा आवाज निघाला, आणि मी तिचं तोंड माझ्या छातीशी दाबलं.

“हाथ चलते हैं?” डॉक्टरणीनं विचारलं.

“नाही.”

“कुछ बोलती है?”

“नाही.”

मग तिनं पाय तपासले. नीट तपासले, फ्रॉक वर करून, गुडघे वाकवून, मांड्या फाकवायचा प्रयत्न करून. लेक कळवळून रडली. डॉक्टरीण “सॉरी, सॉरी, पापा” म्हणत होती. पायांबद्दल मला तिनं जे विचारलं ते पहिल्या डॉक्टरांनी विचारलंच नव्हतं. हात मोकळे सोडले असते तरी या बाईनं टक्के बरोबर दिले असते का? आता ते कधीच कळायचं नाही. मी रोज स्वतःला विचारते, आणि विचारून काही होत नाही.

बाहेर येऊन बाकावर बसले तेव्हा कुठं मूठ सोडली. तिच्या मनगटावर माझ्या बोटांचे लाल वळ उठले होते. ती रडायची थांबली होती आणि माझ्या तोंडाकडं पाहत होती. हात मांडीतच ठेवले होते, मी सोडले तसे. तिला कसं सांगू की तुझं काही चुकलं नाही? माझ्याजवळ तिच्याशी बोलायला शब्द तरी कुठं आहेत, एक सोडून? मी टाळ्या वाजवल्या आणि म्हटलं, “शाब्बास! शाब्बास माही माय!” पिशवीतलं बिस्कीट काढून तिला भरवलं. ती हसली. मला बरं वाटलं. बसमध्येही मी दोन-तीनदा म्हटलं.

या वेळी टक्के आले. चाळीसच्या कितीतरी वर. लेकीच्या बापानं सर्टिफिकेटला प्लास्टिक चढवून आणलं. मामाजींनी ते वाचता येत नसलं तरी दोन्ही हातांनी धरून पाहिलं.

ते घेऊन आम्ही मंडल ऑफिसात, म्हणजे इकडच्या तहसिलीत, गेलो. टेबलावरच्या साहेबांनी पाहिलं, सगळं बरोबर आहे म्हणाले, आणि म्हणाले की नवीन नावं सध्या घेत नाहीत. जुन्या लोकांचं चालू आहे, नवीन जेव्हा वरून येईल तेव्हा. कधी येईल? ते त्यांनाही माहीत नव्हतं. “दरख्वास्त ठेवून जा, आलं की कळवतो.” माणूस वाईट नव्हता. त्यानं लेकीला पंख्याखाली बसायला खुर्ची दिली, पण ती खुर्चीत बसू शकत नाही. भांडायला समोर कुणीतरी लागते, आणि तिथं कुणीच नव्हतं.

तेव्हापासून मामाजी दर सोमवारी इस्त्रीचा सदरा घालून मंडल ऑफिसात जातात. जयभीम घालतात, विचारतात, परत येतात. “बंदच हाय अजून,” म्हणतात.

मध्ये उसनं घेऊन मी लेकीला फिजिओ बाईकडं नेलं. तिनं पाय हातात घेतले, हळूहळू फाकवून पाहिले. मग म्हणाली, “इतने दिन कहाँ थीं?” आता नुसत्या व्यायामानं जमणार नाही, ऑपरेशन लागेल, तेही होईलच असं नाही. मी सर्टिफिकेट पिशवीतून काढून तिला दाखवलं. का दाखवलं ते मलाही माहीत नाही. तिनं वाचलं, छान आहे म्हणाली, आणि परत दिलं.

आणि हे आज सकाळचं. आजचं काय, त्या दुसऱ्या कॅम्पापासून रोजचंच.

चहा झाला. मामाजी लेकीपुढं मांडी घालून बसले, हात जोडले, म्हणाले, “जयभीम, मायबाई!” तिनं ऐकलं. तिच्या कपाळावर आठी पडली, अंगात जोर आला. आणि तिनं दोन्ही हात मांडीत खाली दाबले, घट्ट, मी धरले होते तसे. आवाज काढला नाही. मग मान वळवून, मी भाकरी थापत होते तिकडं, माझ्याकडं पाहिलं. डोळे मोठे करून, तोंड अर्धं उघडं ठेवून पाहत राहिली.

मी भाकरी तव्यावर टाकली. पहिल्या पहिल्यांदा मी उठून तिचे हात जोडून दिले होते, “असं, माये, असं.” ती तिसऱ्याच माणसाकडं पाहावं तशी पाहायची आणि हात पुन्हा खाली न्यायची. आता मी उठत नाही. म्हटलं, दुसरीकडं पाहील, विसरेल. पण ती विसरत नाही. तिला आयुष्यात दोनच गोष्टी शिकवल्या, आणि दुसरी ती एका दिवसात शिकली.

मामाजींचे हात अजून जोडलेले होते. ते तिच्याकडंच पाहत होते. त्यांना मी कॅम्पातलं कधीच सांगितलं नाही, त्यांनीही विचारलं नाही.

“म्हन ना, पोरी,” ते म्हणाले. “लेकरू वाट पाहून राह्यलं. तुह्यं ऐकलं तिनं.”

“शाब्बास,” मी म्हटलं.

ती हसली.